दोन पानं फुटली की

“दोन पानं फुटली की मी आलेच म्हणून समजा.”

एसटीच्या खिडकीतून सिंधू असं बोलली तेव्हा उन्हाळा होता. आता पंचमी तोंडावर आली, तरी उन्हाळाच होता. पाच वर्षांच्या ग्यानूच्या कानात मात्र मायचा आवाज अजून तसाच होता. डोळे उघडले की तो आधी डबड्यांकडं धावायचा.

डबडी ओसरीच्या कडेला मांडलेली. डालड्याचा डबा, कान तुटलेलं टमरेल, नारळाच्या करवंट्या, चहापत्तीचा गंजका डबा. ग्यानूच्या बहिणीनं, चांगुणानं, खिळ्यानं बुडाला भोकं पाडली होती. दोघांनी मिळून माती अन् चुलीतली राख कालवून भरली होती. भोपळ्याच्या बिया मायनं जाताना तिच्या ओंजळीत ठेवल्या होत्या.

“कामून उगवंना, आज्जे?”

“निजलंय ते, राजा.” साखराबाई नातवाला मांडीवर ओढायची अन् जात्यावरच्या सुरात म्हणायची,

“बी निजलं मातीत, वर पांघरूण काळं,
नका उठवू कुणी गं, माझं दमलं हे बाळ.”

मुलगा वारल्यापासून साखराबाई, सून सिंधू अन् ही दोन लेकरं एवढंच घर. निलंग्याकडच्या या गावात पाणी नव्हतं, काम नव्हतं. तिकडं लातूर नवं जिल्ह्याचं गाव झालं, बांधकामं निघाली, अन् शेषेराव गवंड्यासंगं सिंधू विटा वाहायला गेली.

“जिल्हा नवा केला,” शेजारची सरजाबाई म्हणायची, “अन् पाऊस जुन्याच जिल्ह्यात इसरून आले मेले.”

शेषेराव मधी एकदाच आला. बिया लावल्या त्याच आठवड्यात. घरात आला नाही, लिंबाखाली उभा राहून साखराबाईशी हळू बोलला. तिनं लेकरं सरजाबाईच्या हवाली केली, आहे त्या लुगड्यावर त्याच्यामागं एसटीत बसली.

“डोळे दाखवून येते लातूरला,” एवढं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा डोळे लालबुंद होते.

“औषध घातलंय. झोंबून राहिलंय लई.”

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी तिनं घागर मागितली अन् डोक्यावरून उपडी केली. चांगुणा बघत राहिली.

“आज्जे, प्यायचं पाणी व्हतं ते.”

“लातूरचा फुफाटा गं. जाता जात न्हाई.”

“माय भेटली?” ग्यानूनं ओल्या लुगड्याला मिठी मारली.

“भेटली की.”

“काय म्हणली?”

साखराबाई पदर पिळत राहिली. “जाताना म्हणली, तेच.”

मग ग्यानूनं डबड्यांची सेवाच मांडली. टँकरचं पाणी पेलाभर वाट्याला यायचं. अर्धं तो पिऊन टाकायचा, अर्धं गाल फुगवून तोंडात धरायचा अन् पळत जाऊन डब्यात सोडायचा.

“आगं माय माय!” सरजाबाई हसायची. “माणसांच्या घशाला कोरड अन् तुम्ही डबड्यांना पाजून राहिलात!”

पण तिनंही त्यातलंच एक बी मागून नेलं, फुटक्या मडक्यात टोचलं. ते आठवड्यात वर आलं. ग्यानू मडक्यापुढं उकिडवा बसला.

“हे चालंल का मायला?”

“ते सरजाबाईचं,” साखराबाई म्हणाली. “ज्याचं त्यानं उगवावं लागतं.”

त्यांच्या डबड्यांत काही येईना. कधी माती उकरलेली दिसायची. “मेली उंदरं,” साखराबाई म्हणायची. चांगुणा मुकाट्यानं नवं बी टोचायची. फडक्यात बांधून, रात्रभर भिजवून टोचायची. डबडी उंच फळीवर ठेवून झाली, वर कोरांटीचे काटे ठेवून झाले. उंदरं काट्यांनाही दाद देईनात.

“बीच पोचट आसंल,” सरजाबाई म्हणाली.

“पोचट न्हाई,” चांगुणा पहिल्यांदाच फटकन बोलली, अन् आत निघून गेली.

ग्यानू हल्ली कमी बोलायचा. सावलीत डबड्यांशेजारीच निजायचा. एकदा झोपेतच त्यानं विचारलं, “एकच पान आलं तर माय अर्ध्या वाटंला येईल का?” साखराबाईनं त्याच्या अंगावर पदर टाकला.

बियांचं फडकं रिकामं झालं. शेवटचं बी चांगुणानं डालड्याच्या डब्यात लावलं. त्याच आठवड्यात साखराबाईला हिवताप भरला. रोज ती सगळ्यांच्या आधी उठायची, फटफटायच्या वेळी डबड्यांपाशी बसायची, मातीतून बोट फिरवायची. त्या दिवशी तिला मान उचलवेना. उजाडल्यावर भिंत धरत धरत कशीबशी ती ओसरीवर आली.

चांगुणा डालड्याच्या डब्यापुढं बसली होती. मूठ गच्च मिटलेली.

“काय हाय गं हातात?”

पोरीनं मूठ छातीशी धरली.

“उघड म्हणते ना.”

चांगुणानं मूठ उघडली. तळहातावर फिकट हिरवा कोंब आडवा पडला होता. बीचं टरफल अजून डोक्यावर टोपीसारखं होतं. त्याखाली दोन पानं एकमेकांना चिकटलेली.

साखराबाई मेढीला टेकली. “उगवलेलं उपटलंस? आगं, भाऊ डोळे लावून बसलाय तुझा.”

चांगुणानं आत पाहिलं. ग्यानू पोटाशी पाय घेऊन निजला होता. ती उठली, आज्जीच्या अगदी जवळ आली. तिच्या तापल्या हाताला धरून तिनं तिला खाली बसवलं.

“शेषेरावमामा आला तवा लिंबामागं मी व्हते, आज्जे. माय गेली ते मी तवाच ऐकलं.” तिचा आवाज अगदी बारीक होता. “रोज पहाटं तूच उपटतीस. आज तुला ताप हाय, म्हून मी उपटलं.”