पहिली फोड

ज्ञान आपली दक्षिणा घेतल्यावाचून राहत नाही. कोणाकडून ते झोप घेते, कोणाकडून विश्वास. या घरातल्या सुनेकडून त्याने तोंडचा घास घेतला होता.

झाकलेल्या ताटलीपुढे ती उभी होती आणि झाकणाला हात लावायला धजत नव्हती. आत काय असणार, हे तिला ठाऊक होते: एक सफरचंद, उकडलेले बीट, भिजवलेले हरभरे. 

अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करी. कोठे कोणाला विषबाधा झाली की त्यांच्या पानातले उरलेसुरले तिच्या टेबलावर येई आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले वळवळणारे जग ती पाही. एकदा चिरलेल्या काकडीचा एक वाडगा आला. चिरून उघडी राहिली, एवढाच त्या काकडीचा अपराध होता. ती खाणारे कुटुंब इस्पितळातून परतले नाही. त्या दिवसापासून सुनेच्या पोटात जाई ते केवळ पाकिटातले, डब्यातले, तारीख छापलेले. पाकीट फाडल्याचा आवाज कानी पडला, की मगच तिला भूक लागे.

आणि आता तिला दिवस गेले होते. नवरा जहाजावर होता. घरात ती आणि सासरे, दोघेच. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितले होते की रक्त फार कमी आहे, बाळ वाढायला हवे तसे वाढत नाही. पाकिटे बंद करा आणि जमिनीतून, झाडावरून जे येते ते खायला लागा. पुढच्या तपासणीतही असेच दिसले, तर बाळाची खात्री मला देता येणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर; आणि काठावर ती एकटी नव्हती.

सासऱ्यांनी बाजारहाटाचे काम आपल्याकडे घेतले. उभा जन्म लिफ्टची दुरुस्ती करण्यात गेलेला हा माणूस आता भाज्या धुई, उकडी, ताटली झाकून टेबलावर ठेवी आणि काही वेळाने तिला हाक मारी. थट्टा मात्र सुटली नव्हती. आमच्या पेरूंवर कधी तारीख छापलेली नसायची, तरी हा म्हातारा तुझ्यापुढे उभा आहे की नाही, असे ते रोज काहीतरी म्हणत. ती हसे, ताटली झाकलेलीच खोलीत नेई आणि आतले सगळे न पाहताच वर्तमानपत्रात उपडे करून, गुंडाळून कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी दडवी. मग कपाटातली बिस्किटे काढी. उद्यापासून नक्की, असे ती पोटावर हात ठेवून सांगे. तो उद्या काही उजाडत नव्हता.

आज उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पलंगाची कड हाती लागली म्हणून ती पोटावर पडता पडता वाचली. जीव थाऱ्यावर येताच, आज खायचेच, असा निश्चय करून ती हाकेची वाट न पाहता टेबलापाशी आली होती.

तिने झाकण उचलले.

सफरचंदाची एक फोड नव्हती. बिटाचा एक कोपरा नव्हता. सुरीचा काप सरळ होता आणि सफरचंदाची उघडी बाजू तांबूस पडली होती. म्हणजे कापून बराच वेळ लोटला होता. उघड्या कापावर काय वाढते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? कोणीतरी यातले खाल्ले होते.

ताटली घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. सासरे स्टुलावर बसले होते. एक हात पोटावर, दृष्टी भिंतीवरच्या घड्याळाकडे. कपाळावर घामाचे थेंब होते.

"बाबा, हे कोणी कापलं?"

चोरी पकडली गेल्यासारखे ते दचकले. "आज लवकर उठलीस? थांब, खाऊ नकोस. अजून वेळ व्हायचीय."

मग आढेवेढे घेत त्यांनी सांगितले. पहिल्या दिवसापासून ते पहाटे उठून ताटलीतल्या प्रत्येक वस्तूचा एक घास खात आणि या स्टुलावर येऊन बसत. आपल्याला काही झाले नाही, की मगच तिला हाक.

"लिफ्ट दुरुस्त झाली की आधी मी एकटा वरपर्यंत जाऊन यायचो. मग लोकांना चढू द्यायचं. तू शिकलेली मुलगी, उगाच थोडीच घाबरशील? म्हटलं, आधी आपण चढून बघू."

तिने हळूच विचारले, "भीती नाही वाटायची?"

"लिफ्टमध्ये नाही. तिथला दोर माझ्या हातचा असायचा." ते थांबले. "इथे मात्र रोज वाटते गं."

अहो बाबा, कापून उघडं ठेवलं की त्यातच जास्त धोका असतो, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आले. त्याच क्षणी तिला कचऱ्याच्या डब्याचा तळ आठवला, आणि या भ्यालेल्या माणसाने पहाटे पहाटे गिळलेले सगळे घास. तिने आधी ते वाक्य गिळले. मग सफरचंद उचलले आणि जिथून त्यांनी फोड काढली होती, तिथेच दात रोवले. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण घास उतरला.

"उद्यापासून लिफ्टमध्ये दोघं एकदमच चढू," ती म्हणाली.

सासऱ्यांनी मान डोलावली आणि सवयीने पुन्हा घड्याळाकडे पाहिले. या खेपेस तिच्यासाठी.

त्या दोघांना, आणि ज्याने अद्याप ओठही उघडले नव्हते त्या तिसऱ्याला, अन्न सुखाचे होवो.