बेलावरचे नाकतोडे

मुलुंडच्या त्या बैठ्या घराच्या परसातला बेल अण्णांच्या दिवंगत पत्नीने लावला होता. श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी मुलाने तो तोडवला. वर्षानुवर्षे नंबर लावून मिळालेल्या स्कूटरला जागा हवी होती.

"अण्णा, बाजारात बेल मिळतो ना! किती तापता?" सोमवारी तिन्हीसांजेला नंदकिशोर म्हणाला.

पिंडीपुढून अण्णा उठले. "तुझ्या आईच्या हातचं झाड होतं ते, चांडाळा! आजपासून तू माझ्या लेखी नाहीस. नाहीसच!"

त्याच क्षणी परसात किर्र आवाज उठला. बेलाच्या पानांत पानांसारखेच दिसणारे हिरवे नाकतोडे दर श्रावणात असेच पंखावर पंख घासून गात. मात्र आज तो आवाज येत होता रिकाम्या हवेतून, जिथे काल फांद्या होत्या तेवढ्याच उंचीवरून.

"शेजारून येतोय," म्हणत नंदकिशोर खुंटापाशी गेला. आवाज थांबला.

अण्णांना त्याचे नवल वाटले नाही. अशा नाकतोड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांत असतात. झाडाखाली माणूस उभा असेपर्यंत तो कधीच गात नसे.

"बघा, काही नाही!" नंदकिशोर हसला.

तोच आवाज पुन्हा सुरू झाला. निर्धास्त, भरघोस, अगदी त्याच्या डोक्यावर, जणू खाली कोणी नाहीच.

अण्णांचा राग कुठच्या कुठे गेला. "नंदा, पाय आपट! बाळा, जोरात आपट!"

नंदकिशोरने सारा जोर लावून पाय आपटला.

गाणे थांबले नाही.