खिडकीच्या कडीला तेल

लेकीच्या, ब्रिनच्या खोलीतल्या खिडकीच्या कडीला कुणीतरी तेल घातलं होतं. डोरीननं हात लावून पाहिला, बोट चिकट झालं. ही खिडकी उघडायची म्हणजे एरवी दोन माणसांचं काम. आज ती एका बोटानं सरकली, आणि आवाज म्हणून नाही.

खाली बर्फात पावलं उमटली होती. खिडकीपासून कुंपणापर्यंत, एक ओळ येतानाची, एक जातानाची. ब्रिनचा तो मित्र, टॉबी लिंडक्विस्ट. दुसरं कोण असणार?

लेकीच्या पलंगावर ते जाडजूड पुस्तक उपडं पडलं होतं. शाळेतल्या पोरी त्याच्यापायी खुळावल्या होत्या. डोरीननं पहिला भाग चोरून वाचला आणि तिची झोपच उडाली. त्यातला तो देखणा रक्तपिपासू पोरगा, व्हॅम्पायर, न विचारता पोरीच्या खोलीत शिरतो, ती झोपली की तिच्याकडे बघत बसतो, तिला मैत्रिणींपासून तोडतो. आणि ती बया म्हणते, हेच खरं प्रेम! पालकांच्या सभेत डोरीन यावर तावातावानं बोलली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, गोष्टच आहे ती. आपणही असलंच वाचून मोठ्या झालो की."

झालो ना. डोरीन मोठी झाली आणि डेलशी लग्न करून बसली. ती कामाला होती त्या दातांच्या दवाखान्यासमोर डेल आपली पिकअप लावून तासन्‌तास बसायचा. फोन उचलायला जरा उशीर झाला की दारात हजर. विचारलं तर म्हणायचा, "काळजी वाटते म्हणून." त्या काळजीतून सुटता सुटता तिच्या नाकी नऊ आले होते. लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी ती आता जगत होती.

ब्रिन स्वयंपाकघरात टोस्टला पीनट बटर फासत होती. अंगात टॉबीचं हॉकीचं जॅकेट, बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या.

"हे त्यानं दिलं?"

"त्याचंच आहे."

"आणि मनगटावर ते काय?"

ब्रिननं बाही आणखी खाली ओढली. "झुडपात ओरखडलं."

"या थंडीत झुडपात काय करत होतीस?"

"मॉम, तू लोकांचे दात कसले साफ करतेस? पोलिसात जायला हवं होतंस."

ब्रिननं फोन उघडला. अंगठ्यानं भराभर काहीतरी लिहिलं, थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली, पुन्हा लिहिलं. डोरीनला स्वतःचे जुने दिवस आठवले. लगेच उत्तर दिलं नाही की काय व्हायचं, ते तिला ठाऊक होतं.

"टॉबी हॉकीच्या पोरांबरोबर असायचा ना गं सारखा?"

"आता नसतो. आता त्याला कुणी लागत नाही." ब्रिन शांतपणे म्हणाली. "आम्ही दोघं पुरे आहोत."

डोरीन तिच्यासमोर बसली. आवाज चढवायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. "ब्रिन, त्या पुस्तकातला पोरगा प्रेम नाही करत बाळा, पहारा देतो. ती पोरगी बिचारी जीव मुठीत धरून जगते, आणि तिला ते कळतही नाही."

"तू सारखी त्या मुलीच्याच बाजूनं का वाचतेस?"

"मग कुणाच्या बाजूनं वाचू?"

ब्रिन नुसती हसली. हसली की ती हुबेहूब डेलसारखी दिसायची. डोरीननं बशी उचलली आणि सिंककडे वळली.

शनिवारी दुपारी ब्रिन लायब्ररीत गेली, आणि डोरीननं गाडी काढली. वाटेत तिनं काय बोलायचं ते दहादा घोकलं. डेलसमोर तिच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता. आज फुटायला हवा होता.

लिंडक्विस्टांच्या घराचे पडदे भरदुपारी बंद होते. बाजूच्या खिडकीखालचं काटेरी झुडूप मोडलं होतं, आणि तिथला बर्फ तुडवून तुडवून सपाट झाला होता. इथूनच उडी मारून निघत असणार कार्टं, तिच्या मनात आलं.

तिनं बेल दाबली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार उघडलं ते साखळीपुरतंच. फटीत टॉबी उभा होता. पांढराफटक चेहरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. अगदी पुस्तकातल्यासारखा. तरी डोरीन बोललीच.

"मी ब्रिनची आई. माझ्या मुलीचा नाद सोड. आमच्या खिडकीखाली पुन्हा पावलं दिसली, तर मी शेरीफच्या पोलिसांना बोलावीन."

टॉबीचं लक्षच नव्हतं. तो तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे, तिच्या गाडीकडे बघत होता.

"ती गाडीत नाही ना?"

"कोण, ब्रिन? नाही. लायब्ररीत आहे."

"नक्की?" त्यानं साखळी सोडली नाही. त्याच्या पाठीमागे एका खोलीचं दार उघडं होतं, आणि तिथल्या खिडकीवर आतून आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. "मी तिला म्हटलं, जॅकेट ठेव, काय हवं ते ठेव, पण येत जाऊ नकोस. तरी डोळे उघडले की पलंगाशेजारी बसलेली असायची. परवा डॅडनी फळ्या मारल्या, तर आता बाहेर झुडपात उभी राहते." त्यानं पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "म्हणते, काळजी वाटते म्हणून."