हडळींची जोडी

काजळ फासताना शेवंताचे गुडघे ठणकत होते. ‘हडळी’ म्हणून ती आणि हौसा रिंगणात उतरल्या की लोक शिव्या घालत, चपला फेकत; त्याच जोरावर लुटुपुटूच्या कुस्तीचे शो हाऊसफुल्ल झाले. आता मालकांना जोडी फोडायची होती. आज हौसाने मागून शेवंताच्या पाठीत खुर्ची घालायची, उद्यापासून पोस्टरवर हौसा एकटी.

खुर्ची बसली. शेवंता ठरल्याप्रमाणे आडवी झाली आणि वाट बघत राहिली. तालमीत साधी चापट मारली तरी हौसा वाकून कुजबुजायची, “लागलं का गं?”

हौसाचे बूट वाजत दूर गेले.

“ऊठ, शेवंता!” आजवर शिव्या घालणारे लोक रडवेले होऊन ओरडत होते. शेवटी रेफरीच वाकला. “ताई, लागलं का?”

“नाही हो,” ती म्हणाली, आणि तशीच पडून राहिली.