बिनआवाजाची तीस सेकंदं

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

वकीलसाहेबांनी चौथ्यांदा व्हिडिओ मागे नेला. हवालदाराच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातून तिचा नवरा पुन्हा दिसू लागला. काच खाली केलेली, डोळे तांबारलेले, दोन्ही गुडघे स्टिअरिंगला टेकलेले. शेजारच्या सीटवर त्याच्याच जाकिटाखाली कुणीतरी गुरफटून पडलं होतं. चेहरा नाही, हात नाही. नुसती अनवाणी पावलांची बोटं.

"शेजारी कोण?" हवालदाराचा आवाज आला.

"घरातलंच माणूस आहे, साहेब. बरं नाही, झोपलंय. माझी बहीण येतेय न्यायला."

घरातलं माणूस! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरातलं माणूस म्हणजे ती, आणि ती तर त्या रात्री नणंदेच्या मागच्या खोलीत ढाराढूर झोपली होती. नणंदेकडे जेवण होतं. दारूचे एकाचे दोन ग्लास झाले, डोकं जड झालं, तिने नेहमीची झोपेची गोळी घेतली आणि डोळे उघडले ते थेट सकाळी. तेव्हा नवरा चौकीत होता आणि नणंद चहाचा कप पुढे करत सांगत होती, "वहिनी, दादा बर्फ आणायला गेला नि सापडला."

बर्फ म्हणे! या बर्फाला चांगली पायाची बोटं होती.

"ताई, शेजारचं सोडा," वकीलसाहेब म्हणाले. "आपल्याला यांची नोकरी वाचवायची आहे. बस चालवणाऱ्याचा परवाना गेला की सगळंच संपलं. आणि खरं सांगू का, मला यात पोलिसांची एकही चूक सापडत नाही. फुंकायला लावलं ते रीतसर, वेळही बरोबर."

"यांचे गुडघे बघा."

"काय गुडघे?"

"बावीस वर्षं बस चालवतायत. सीट मागे घेतल्याशिवाय आणि आरसा फिरवल्याशिवाय हा माणूस गाडी जागची हलवत नाही. शेजाऱ्याची गाडी दोन हात सरकवायची असली तरी आधी सीट. ही सीट यांनी लावलेलीच नाही. यांच्या आधी इथे कुणीतरी बुटकं बसलं होतं."

बोलता बोलता तिला स्वतःलाच अर्थ लागला. "म्हणजे ती चालवत होती! मी लायसन्स काढून सात वर्षं झाली, पण मला कधी किल्लीला हात लावू दिला नाही. 'तुझे पाय पोचत नाहीत' म्हणे. आणि त्या सटवीचे बरे पोचले!"

वकीलसाहेब मात्र खुर्चीत ताठ झाले. "हे चालवतच नव्हते? अहो ताई, मग केसच उडाली!" त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा आकडा तीसपासून सुरू होतोय. बटण दाबायच्या आधीची तीस सेकंदंही कॅमेरा साठवतो, बिनआवाजाची. आपल्या नकलेत ती नाहीत. हवालदाराचं लक्ष नसेल तिकडे, पण मान वळली तरी छाती समोरच राहते. अर्ज करू. यांची सही आणा."

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नको."

"परवाना जाईल तुमचा," ती म्हणाली.

"जाऊ दे. हमाली करीन."

"कुणासाठी?"

तो उठून आत गेला. त्या रात्रीपासून गाडीची किल्ली तो उशाखाली ठेवत होता, जणू ती गाडीची झडतीच घेणार होती. वर तिच्या खणातल्या झोपेच्या गोळ्याही त्याने फेकून दिल्या होत्या. "नकोत तुला आता या," म्हणाला. पाप केलं की नवऱ्यांना बायकोच्या तब्येतीचा पुळका येतोच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने नणंदेला गाठलं. नणंद डोळ्याला डोळा भिडवेना. "वहिनी, सोड हा विषय. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

म्हणजे भाऊ-बहीण एकाच माळेचे मणी! तिला रात्ररात्र झोप लागेना. कशी असेल ती? तरुण असेल. त्याला हसवत असेल. एवढी कोण लागून गेली, की तिच्यासाठी हा माणूस बावीस वर्षांची नोकरी ओवाळून टाकायला निघाला?

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज वकीलपत्राच्या कागदांत सरकवला आणि त्याचा चष्मा सापडत नसताना तो पुढे केला. चष्मा तिच्याच पर्समध्ये होता.

"कुठे करू सही?" त्याने विचारलं.

"इथे."

"तू वाचलंयस ना? मग झालं." त्याने सही केली. तिला क्षणभर कसंसंच झालं, पण क्षणभरच.

कोर्टात ती मागच्या बाकावर बसली. त्या बाईचा चेहरा दिसला की भर कोर्टात तिचं नाव घेऊन तिला उभी चिरायची, असं तिने ठरवलं होतं.

पडदा उजळला. आवाज नव्हता. गाडी वेडीवाकडी येत थांबली, आतला दिवा लागला. शेजारच्या सीटवरून तिचा नवरा वाकला, ड्रायव्हरच्या सीटवरच्या बाईला काखेत धरून त्याने आपल्या जागेवर ओढलं आणि स्वतः कसाबसा पलीकडे घुसला. गुडघे अडकले. तरी त्याने आधी जाकीट काढलं, तिच्या अंगावर घातलं, मानेपाशी नीट खोचलं.

तिला कधी त्याने असं पांघरूण घातलं होतं?

"मागे घ्या," न्यायाधीश म्हणाले. "जाकिटाच्या आधी. चेहरा मोठा करा."

चित्र थांबलं, मोठं झालं, धूसर झालं.

"या बाई कोण?"

"माहीत नाही, साहेब." नवऱ्याची मान खाली होती. "मी ओळखत नाही यांना. सगळी चूक माझी आहे."

चित्र हळूहळू स्पष्ट झालं. बाईचे डोळे उघडे होते, पण झोपेतले. मागच्या बाकावर तिने समोरची कड घट्ट धरली, आणि मग ती उठून उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "ती मी आहे."