जास्वंदीची छाटणी

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात स्पिरिटचा बोळा धरला आणि जास्वंदीच्या बेचक्यांतली पिठ्या ढेकणांची पांढरी पुटं पुसायला घेतली. खिडकीशी, खाटेवर, त्यांची बायको उशीला टेकून बघत होती. कुंड्या सगळ्या तिच्या. अंथरूण धरल्यापासून मात्र तिला नुसतं बघणंच उरलं होतं.

"परवा पुसलेत, आज परत तेवढेच," ती म्हणाली. "अहो, हे घड्याळ नाही, पुसलं की चालू व्हायला."

"मग कडक औषध आणतो."

"कडक औषधाने काय होतं ते बघताय की." तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "वीतभर खोड ठेवा आणि वरचं सगळं छाटून टाका. नाहीतर गुलाबावर जातील."

"कळी आहे गं तिला. चार दिवसांत उमलेल. तू बघ, मग छाटतो."

"चार दिवसांत गुलाबही गेला म्हणून समजा."

घड्याळजींनी भिंग काढलं. डोळा चोळला.

"छाटल्यावर फूल कधी येतं?"

"पालवी लगेच फुटते. फुलाला दोन-तीन महिने लागतात."

तेवढे दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

"तुम्ही आहात ना बघायला," ती म्हणाली. "कापा आता."

त्यांनी कात्री घेतली. एकेक फांदी कापून पिशवीत घातली. कळीच्या फांदीशी हात अडला, तेव्हा ती भिंतीकडे वळून पडली. कात्रीचा आवाज झाला. घड्याळजींनी पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारली आणि उघडं खोड फडक्याने पुसून कुंडी परत खिडकीत सरकवली.

"तिथे नको," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा."

"का? इथे ऊन चांगलं आहे."

"चहा करायला तरी रोज तिकडे जाल. पाणी घातलं जाईल. या खोलीत काही तुमचं पाऊल पडायचं नाही."

घड्याळजींनी कुंडी उचलून पोटाशी धरली. दारापर्यंत गेले आणि तिच्याकडे पाठ करून तिथेच उभे राहिले.