अर्धा डाव

डायलिसिसच्या यंत्राला चार तास जखडून पडायचं, म्हणून अर्पितानं शेजारच्या पलंगावरच्या भिवराआजींना व्हॅम्पायरच्या पत्त्यांचा डाव शिकवला. भिडायचं तर दर वाराला एक थेंब रक्त मोजायचं, आणि रक्त म्हणून चिंचोके. रक्त संपलं की व्हॅम्पायर मेला. जन्मभर मेंढरं राखलेल्या आजी चिंचोकेही तसेच राखायच्या. भिडावं की पळावं याचा खल करून शेवटी माघारच घ्यायच्या.

सुई निघाली की डाव अर्धाच ठेवायचा, हा दोघींचा नेम. तो पुरा करायला तरी पुढच्या खेपेला यावंच लागतं.

मंगळवारी एकच चिंचोका उरला असताना आजींनी व्हॅम्पायर पुढं लोटला.

"आजी, माघार घ्या की! मरंल तो."

"मरू दे, पोरी. लय पळाला. आज डाव पुराच करू."

"लयच चुकलं तुमचं," म्हणत अर्पितानं हसत हसत पत्ते गोळा केले.

शुक्रवारी शेजारचा पलंग रिकामा होता.

"त्यांनी मंगळवारी आल्या आल्याच सांगितलं होतं," सिस्टर म्हणाली, "आता पुन्हा सुई टोचून घ्यायला येणार नाही म्हणून."